बॉयलरच्या राखेनं समुद्राच्या पाण्यातलं टीबीटी (जहाजाच्या रंगातलं विष) धरता येईल का? रिकाम्या बाटलीचा हिशेब जुळत नाही

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

मी चिकोडी तालुक्यातली. बेळगावात एमएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे मामा वास्कोला जहाज दुरुस्तीच्या कामावर आहेत. जहाज गोदीत चढलं की त्याच्या पोटावरचा जुना रंग खरवडायचा, हे त्यांचं काम. मी सुट्टीत त्यांच्याकडे जायचे तेव्हा त्यांच्या कामाच्या शर्टाच्या शिवणीत विटकरी भुकटी बसलेली असायची आणि मामी ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. बीएस्सीला ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी ती बादली आठवली.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की जहाज जड चालतं, तेल जास्त जळतं. म्हणून १९६० च्या दशकापासून तळाच्या रंगात टीबीटी घालायला लागले. ते रंगातून हळूहळू पाण्यात सुटतं आणि चिकटायला आलेल्या जिवाला मारतं. पण ते तिथंच थांबत नाही. फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत १९७० च्या दशकाच्या शेवटी कालवांची पैदास कोसळली आणि १९८२ मध्ये फ्रान्सनं २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग लावायला बंदी घातली. समुद्री गोगलगायींचं तर त्याहून वाईट. मादीला नराचं इंद्रिय फुटतं, अंडी बाहेर पडायची वाट बुजते आणि ती अंड्यांसकट मरते. याला इम्पोसेक्स म्हणतात. आपल्या शेजारी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी क्रोनिया कोंकणेन्सिस नावाच्या शंखात हे पाहून १९९९ मध्ये छापलंय. नावातच कोंकण आहे बघा.

हे सुरू व्हायला लिटरमागे एक-दोन नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे एक-दोन अब्जांश, पुरतात. ही मात्रा डोळ्यासमोर येत नाही, म्हणून मी आपल्या हिडकल धरणावर हिशेब करून पाहिला. धरण काठोकाठ भरलं की ५१ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्या सगळ्या पाण्यात मिळून टीबीटी १.४ किलो असलं, की झालं लिटरमागे एक नॅनोग्रॅम. एवढ्यानं शंखाच्या मादीला नराचं इंद्रिय फुटायला लागतं. हे गणित करून मी बराच वेळ वहीकडे बघत बसले होते.

२००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार झाला, १७ सप्टेंबर २००८ पासून तो लागू आहे. मग आता काय उरलं, असं मला वर्गातही विचारतात. उरलंय ते बंदरांच्या गाळात. पाण्यात टीबीटी काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत मोडतं, एकेक ब्युटिल गट गळत जातो. पण हवा न लागलेल्या काळ्या गाळात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. गाळ उपसला की पुन्हा वर येतं.

आता राखेकडे येते. आमचे आप्पा एका साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला आहेत. टनभर उसामागे अडीचशे ते तीनशे किलो बगॅस, म्हणजे रस काढलेलं चिपाड, निघतो, तो जाळला की सहा-आठ किलो राख उरते. गळीत हंगामात आमच्या पट्ट्यात रोज किती ऊस गाळला जातो ते इथं कुणाला सांगायला नको. ती राख शेतात पसरतात, वीटभट्टीला जाते, बाकीची ढिगानं पडून राहते. नीट पाहिलं तर ती निव्वळ राख नसते. चिमटीत घेऊन चोळली की बोटाला करडं पीठ लागतं आणि मध्येच काळे, हलके, चमकदार तुकडे राहतात. अर्धवट जळलेलं चिपाड ते. पाण्यात टाकलं की तरंगतं. मला वाटलं, हा तर फुकटात मिळालेला कोळसा, यावर टीबीटी बसायलाच पाहिजे.

म्हणून प्रयोग केला. राख चाळून, एकदा धुऊन, ११० अंशाला वाळवली. टीबीटी क्लोराईडचं मेथॅनॉलमधलं द्रावण थेंबानं घालून लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम केलं, काचेच्या बाटलीत शंभर मिली पाणी, अर्धा ग्रॅम राख, दोन तास शेकरवर, मग नायलॉनच्या गाळणीतून गाळून नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जीसी-एमएस यंत्रावर मोजायला. डिस्टिल्ड पाण्यात जवळजवळ सगळं टीबीटी गेलं. गाईड सर खूश झाले. मग मामांनी चोर्ला घाटातून येणाऱ्या बसमध्ये समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन पाठवले, त्यात केलं तर चौथा हिस्सा मागं राहिला. बाटलीत पांढरट गढूळपणाही आला.

आणि खरी अडचण ही. राख न घातलेली एक बाटली मी सोबत ठेवली होती. तिच्यातलंही एक तृतीयांश टीबीटी गायब! सर म्हणतात, मोजणीतली चूक असेल, ती बाटली सोडून दे, पेपरात कुणी विचारत नाही. मला ते सोडवत नाही. जे राखेनं ओढलंच नाही ते राखेच्या नावावर कसं लिहू? कुणी या कामातलं असेल तर सांगा, ते टीबीटी गेलं कुठं?

---

जुनी_प्रयोगशाळा

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो. ती बिनराखेची, रिकामी बाटली सोडू नका. तुमच्या सगळ्या प्रयोगात तीच एक खरं बोलतेय.

मी टिळकवाडीत राहतो. तीस वर्षं पाणी तपासणीत घालवली, त्यातली बरीचशी कीटकनाशकांवर. टीबीटीसारखे पदार्थ पाण्यात नाखूश असतात. त्यांना पाण्यातून निसटून कशावरही जाऊन बसायचं असतं, मग ती राख असो, काच असो की शेकरवरच्या बाटलीचं रबरी बूच. तुमचं एक तृतीयांश दोन ठिकाणी गेलं असणार. काही बाटलीच्या भिंतीवर आणि काही त्या नायलॉनच्या गाळणीवर.

खात्री करून घेणं अवघड नाही. रिकाम्या बाटलीतलं पाणी ओतून झालं की त्याच बाटलीत पाच मिली मेथॅनॉल घाला, बूच लावून चांगलं फिरवा आणि ते मेथॅनॉल तपासायला पाठवा. भिंतीवरचं त्यात उतरेल. गाळणीही तशीच धुवा. मग हिशेब मांडा: घातलेलं एका बाजूला, पाण्यात उरलेलं, काचेवरचं, गाळणीवरचं आणि राखेवरून सोडवलेलं दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू जवळपास जुळल्या पाहिजेत. वाण्याच्या वहीत जमा-खर्च जुळल्याशिवाय तो दुकान बंद करत नाही, तसंच हे. ज्या अभ्यासात फक्त ‘पाण्यातून इतकं कमी झालं’ एवढंच लिहिलेलं असतं त्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.

यापुढं गाळूच नका. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगानं गरगर फिरवून राख तळाला बसवून, वरचं पाणी अलगद काढा. बाटल्या पॉलीकार्बोनेटच्या मिळाल्या तर घ्या, त्यांना टीबीटी कमी चिकटतं. नमुने अंधारात, थंडीत ठेवा.

पांढऱ्या गढूळपणाचं कारण तुमच्या राखेतच आहे. बगॅसच्या राखेत पालाश असतं, एकदा धुऊन ते जात नाही, त्यामुळं पाण्याचा पीएच चढतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर. पीएच साडेनऊच्या वर गेला की ते हायड्रॉक्साईड होऊन खाली बसायला लागतं, सोबत थोडी चुनखडीही. ते पांढरं साय धरल्यासारखं तुमच्या काळ्या तुकड्यांवर बसतं आणि बारीक छिद्रं बुजतात. तुमचं टीबीटी मागं राहिलं ते बऱ्याच अंशी त्यामुळं असेल. धुतलेल्या पाण्याचा पीएच साध्या पाण्याइतका होईपर्यंत राख धूत राहा. सहा-सात वेळा लागेल.

आणखी एक. बऱ्याच लेखांत लिहितात की राखेचा ऋणभार टीबीटीच्या धनभाराला ओढतो. आम्लधर्मी पाण्यात ते चालेल. पण टीबीटीचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्यातल्या निम्म्याचा धनभार गेलेला असतो तो आकडा, सव्वासहाच्या आसपास आहे आणि समुद्राचा पीएच आठच्या थोडा वर. तिथं ते बहुतेक सगळं हायड्रॉक्साईडच्या रूपात, भार नसलेलं असतं. म्हणजे राखेतल्या सिलिकाच्या (वाळूत असते तीच) भारावर फार भिस्त ठेवू नका, काम करणार तो न जळलेला कार्बन. तुमच्या राखेत तो किती आहे ते मोजलंत का? वाळवलेली राख वजन करून मफल भट्टीत ७५० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. जेवढी घट, साधारण तेवढा कार्बन. दोन वेगळ्या दिवसांच्या राखेत हा आकडा खूप बदललेला दिसेल. बॉयलर कसा पेटवलाय यावर ते आहे.

आणि काळजी घ्या. टीबीटी क्लोराईड कातडीतून आत जातं. वाफा ओढून घेणाऱ्या हूडखालीच काम करा, नायट्राईलचे हातमोजे दोन-दोन घाला, डोळ्यांना चष्मा लावा. एकटं असताना बाटली उघडायची नाही.

---

खानापूर_ते_वास्को

ताई, तुझं वाचलं आणि थांबलो. मी तुझ्या मामासारखाच. गाव खानापूर तालुक्यात, पंधरा वर्षं झाली इकडं गोदीत काम करालोय. रंगात काय असतं हे आम्हाला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडाला रुमाल बांधायचा, बस्स.

तुम्ही शिकलेली माणसं पाण्याचं म्हणतासा, मी तुला सांगतो ते पाणी कसं असतं. जहाज वर घेतलं की पहिल्यांदा जोरात पाणी मारायचं. त्यात शेवाळ, शिंपल्याचं मांस, चिखल सगळं येतं, वास असा की नव्या पोराला उलटी होते. मग कॉपर स्लॅगची खडी मारून रंग उडवायचा. पाऊस आला की ही खडी, रंगाच्या खपल्या आणि तेल सगळं एकत्र वाहातं. आता जाळी लावतात, खाली गोळा करतात, पूर्वीसारखं सरळ समुद्रात लोटत नाहीत. तरी बारीक भुकटी राहतेच की.

जुन्या जहाजाचं तुला माहीत असेल-नसेल. करारात दोन वाटा आहेत, एकतर टीबीटीचा रंग पूर्ण काढा नाहीतर त्यावर दुसऱ्या रंगाचा जाड थर देऊन तो आत कोंडा. कोंडलेला थर खरवडताना बाहेर येणार तो येणारच. म्हणून म्हणतो, समुद्र साफ करायचा विचार सोड, समुद्र केवढा. गोदीतलं हे पाणी धर. ते एका जागी असतं, टाकीत घेता येतं, आणि विष तिथंच जास्त असतं.

पण तुझी राख पीठ आहे. असल्या पाण्यात पीठ घातलं तर चिखलच होणार, आणि नळकांड्यात भरून पाणी सोडलंस तर दहा मिनिटांत तुंबणार. आमच्याकडं वाळूच्या गाळणीची गत रोज बघतो मी. गोळी करता येते काय बघ. आणि आधी टाकीत खपल्या बसू देत, खपली राखेत गेली की सगळंच वाया.

मामा कुठल्या जेट्टीवरनं पाणी भरून पाठवतात ते पण विचार. जहाजाच्या शेजारचंच भरलं असेल तर त्यात आधीच सगळं असणार.

---

दूधगंगाकाठ

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. मामांना रात्री फोन केला. पाणी खरंच जेट्टीवरनंच भरलं होतं, ‘तिथं बादली सोडायला सोपं पडतं’ म्हणाले. म्हणजे नुसत्या समुद्राच्या पाण्याची, त्यात आधीच किती टीबीटी आहे हे बघायची कोरी चाचणी मी केलीच नव्हती. ही माझी चूक, आणि दादांनी सांगितली नसती तर पेपरापर्यंत तशीच गेली असती.

दादा, रुमाल बांधून काम केलंत हे वाचून कसंतरी झालं. मामांना मी आता दर फोनला मास्कचं विचारते.

गोळी करायची कल्पना आप्पांना सांगितली. ते लगेच म्हणाले, मळी (मोलॅसिस) घाल की, चिकट असते, जळली की तिचाही कोळसाच होतो. हे बरोबर आहे का, काका?

---

भातगिरणी_खानापूर

मध्येच बोलतो, राग मानू नका. आमची भाताची गिरणी आहे. भाताच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं तूस निघतं आणि तूस जाळलं की परत त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख. तुसाची राख सगळे सिमेंटसाठी मागतात, त्यात सिलिका ८५-९५ टक्के असते म्हणून. तुमच्या कामाला ती चालेल काय? आमच्याकडं पांढरी आणि काळी दोन्ही निघते.

दुसरं विचारायचं होतं. हे टिनचं औषध बटाट्याला पण मारायचे असं ऐकलंय, खरं काय? आमच्याकडं बेळगाव भागात बटाटा मोठा, म्हणून विचारलं.

आणि काम झाल्यावर त्या राखेचं काय करणार? वीटभट्टीवाला माझ्या ओळखीचा आहे, सगळी घेईल.

---

जुनी_प्रयोगशाळा

गिरणीवाले, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते घाईचं आहे. वापरलेली राख वीटभट्टीला नाही, शेतात नाही, उकिरड्यावरही नाही. पाण्यातलं विष आपण राखेत आणलंय, ते संपलेलं नाही. पाऊस लागला की थोडं-थोडं परत सुटेल. ती घातक कचरा म्हणून बंद पिंपात ठेवायची आणि तशीच परवाना असलेल्या ठिकाणी जाळायला द्यायची. चांगल्या तापमानाला ब्युटिल गट जळून जातात, मागं साधं टिन ऑक्साईड राहतं. ताई, तुमच्या प्रबंधात यावर एक पूर्ण प्रकरण असू द्या. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणारे बहुतेक लेख नेमके इथं येऊन गप्प होतात, आणि मला त्याचा राग येतो.

तुसाची पांढरी राख म्हणजे जवळजवळ नुसती सिलिका, या कामाला ती नको. काळी द्या. पांढरी आणि काळी शेजारी-शेजारी तपासली तर कार्बन काम करतो की सिलिका, या वादाचा निकाल ताईंच्याच बाटल्यांत लागेल.

बटाट्याचं ऐकलंत ते खरं आहे, पण तो टीबीटीचा चुलतभाऊ. ट्रायफेनिल टिन, फेंटिन नावानं. युरोपात करप्यावर बरीच वर्षं फवारलं जायचं.

मळीचं आप्पांनी बरोबर सांगितलं. कार्बनच्या गोळ्यांना मळी बांधणी म्हणून वापरतात. राख मळीत मळून बारीक शेवया पाडा, उन्हात कडक वाळवा आणि झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात, हवा न लागता, पाचशे-सहाशे अंशाला भाजा. हवा लागली तर कार्बन जळून जाईल आणि हाती पांढरी राख येईल. मळीतही पालाश असतं, तेव्हा भाजल्यावर परत धुणं आलं.

आता ध्येयाबद्दल. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यानं गोदीतून सोडायच्या पाण्याला लिटरमागे ५० नॅनोग्रॅमची मर्यादा घातली होती. युरोपात नैसर्गिक पाण्यासाठीची वार्षिक सरासरी तर ०.२ नॅनोग्रॅम. तुम्ही १०० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केलीत, म्हणजे एक लाख नॅनोग्रॅम. त्यातलं ९९ टक्के काढलं तरी हजार नॅनोग्रॅम उरतात, मर्यादेच्या वीस पट. टक्केवारी लिहू नका असं नाही, पण तिच्या शेजारी ‘शेवटी पाण्यात किती उरलं’ हा आकडा ठळक लिहा. शंखाला टक्केवारीशी काय करायचंय? त्याच्या वाट्याला येतं ते उरलेलं.

---

दूधगंगाकाठ

तीन आठवडे लागले, पण सांगायला आलेय.

बाटली मेथॅनॉलनं धुतली. काका म्हणाले तसंच निघालं. हरवलेल्यातलं निम्म्याहून जास्त गाळणीवर सापडलं, बाकीचं बरंचसं काचेवर. जमा-खर्च अगदी पैपर्यंत जुळला नाही, थोडं अजून कुठंतरी बुचात अडकलं असेल, पण आता मला माझ्या आकड्यांची भीती वाटत नाही. सरांना दोन्ही बाजू कागदावर मांडून दाखवल्या. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, जुने सगळे निकाल बाजूला ठेव, पहिल्यापासून कर. मला उलट हायसं वाटलं.

राख सात वेळा धुतली. पहिलं पाणी चहासारखं तांबूस, साबण लावल्यासारखं बुळबुळीत हाताला लागलं. सातवं पाणी स्वच्छ, पीएच आठच्या जवळ. मामांनी या वेळी बंदरापासून लांब, मोकळ्या किनाऱ्यावर जाऊन पाणी भरलं. त्यात ही राख घातली आणि दोन तासांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, पांढरं काही नाही. भिजलेले काळे तुकडे तळाशी, वर नितळ पाणी. त्या क्षणी मी आप्पांना फोन केला होता, ते बॉयलरच्या आवाजात ‘काय झालं, काय झालं’ एवढंच ओरडत होते.

न धुतलेल्या राखेपेक्षा धुतलेल्या राखेनं समुद्राच्या पाण्यातलं टीबीटी स्पष्ट जास्त धरलं, काच आणि सेंट्रिफ्यूजची नळी दोन्हींचं वजा करूनसुद्धा. पण काका, तुम्ही सांगितलेला आकडा आता सगळ्यात आधी लिहिते. उरलेलं अजून ५० नॅनोग्रॅमच्या खूप वर आहे. राख नुसतीच पुरणार नाही असं दिसतंय. मळीतल्या गोळ्या आणि दोन टप्प्यांत पाणी सोडणं, हे पुढं करून बघायचंय.

मफल भट्टीतही आश्चर्य निघालं. जाळीखाली पडणाऱ्या राखेत कार्बन अगदी थोडा, आणि चिमणीकडे जाता जाता धूर पाण्यानं धुणाऱ्या वेट स्क्रबरमध्ये धरली जाते त्या राखेत कितीतरी जास्त. हलके काळे तुकडे धुरासोबत उडून तिकडं जातात, हे आप्पांना आधीपासून माहीत होतं. ‘विचारलं असतंस तर सांगितलं असतं,’ म्हणाले. आता त्यांनी दोन्ही ठिकाणची राख वेगवेगळ्या पोत्यांत भरून घराच्या पडवीत ठेवलीय, एकावर खडूनं ‘जाळी’ आणि दुसऱ्यावर ‘चिमणी’ असं लिहून.

गिरणीवाले दादा, काळ्या राखेसाठी या रविवारी खानापूरला आले तर चालेल का? पाच किलो पुरेल, पिशवी मी घेऊन येते. आणि बेळगावात कुणाकडं २५० मिलीच्या पॉलीकार्बोनेट बाटल्या वापरात नसतील तर कृपया इथं कळवा, धुऊन परत आणून देईन.